न प्यायलेलं पाणी

मयुरा पुराणिक मूळची गुरसरायच्या जुन्या मराठी घरातली. झाशीच्या एका कॉलेजात पंधरा वर्षं रसायनशास्त्र शिकवल्यावर तिने नोकरी सोडली आणि पनघट समिती काढली. गावोगावच्या विहिरी आणि हातपंप तपासायचे, साफ करून द्यायचे, पाणी पिण्याजोगं आहे की नाही ते लोकांना सांगायचं, एवढंच समितीचं काम. आता मयुरा बावन्न वर्षांची होती आणि समिती अकरा. चिरगावच्या अलीकडच्या-पलीकडच्या कितीतरी गावांत तिला ‘चिट्ठीवाली दीदी’ म्हणायचे, कारण दर रविवारी संध्याकाळी ती फोनवरून सगळ्यांना एक चिठ्ठी धाडायची.

चिठ्ठी हिंदीत असायची. घरात मराठी बोलणाऱ्या बाईची हिंदी. घाईत लिहिताना तिच्या मनात विहीर असायची आणि मग ‘कुआँ सूख गई’ असं काहीतरी होऊन जायचं. लोक हसायचे आणि वाचायचे. कारण त्या चिठ्ठीत जे असे ते तिने डोळ्यांनी पाहिलेलं असे. एखाद्या विहिरीचं पाणी चांगलं आहे असं ती लिहायची ते गावासमोर उभं राहून पहिला गिलास स्वतः प्यायल्यावरच. ‘मैंने ख़ुद पिया है’ हे तिचे चार शब्द आले की गाव घागरी घेऊन निघायचं.

गेल्या हिवाळ्यात लखनौच्या एका बैठकीत कुणा अधिकाऱ्याने तिची चिठ्ठी सगळ्यांना वाचून दाखवली आणि तो भाषेवर गालातल्या गालात हसला. मयुराला ते लागलं. पुण्याला नोकरी करणारी तिची मुलगी शमिका सुट्टीत आली होती. तिने आईच्या फोनवर एआय घालून दिला आणि जुन्या पाचशे चिठ्ठ्या त्याला वाचायला दिल्या. म्हणाली, आई, हा अगदी तुझ्यासारखंच लिहील.

सुरुवातीला मयुरा चिठ्ठी स्वतः लिहायची आणि त्याच्याकडून फक्त व्याकरण सुधारून घ्यायची. मग गुडघेदुखी वाढली, कामं वाढली आणि ती नुसते मुद्दे द्यायला लागली. चिठ्ठी तयार होऊन यायची, सुरेख, ओघवती, मधूनच डोळ्यांत पाणी आणणारी. वाचणारे दुप्पट झाले. त्याच अधिकाऱ्याने फोन करून कौतुक केलं. मे उजाडेपर्यंत अशी गत झाली होती की ती पहिल्या दोन ओळी वाचायची, शेवटची वाचायची आणि पाठवून द्यायची.

त्या सोमवारी सकाळी ती चहा गाळत होती. साडेसातलाच अंगण तापलं होतं. तिचे वडील अनंतराव स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. रेल्वेत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, एक्क्याऐंशी वर्षांचे. लेकीची चिठ्ठी मोठी अक्षरं करून दोनदा वाचायची हा त्यांचा रिवाज.

“मयू, तू पिपरौआला कधी गेली होतीस?”

“नाही गेले, अण्णा. गुडघा कुठे जाऊ देतोय. शनिवारी नीरज जाऊन आला. का?”

“मग हे पाणी प्यायलं कोण?”

तिने फोन हातात घेतला. चिठ्ठी तिचीच होती, खाली तिचंच नाव. ‘कल शाम मैं उस कुएँ के पास बैठी थी। पहला गिलास मैंने ख़ुद पिया है। ऐसा मीठा पानी बरसों बाद मिला।’

तिने दिलेले मुद्दे तिला तोंडपाठ होते. विहीर उपसली. ब्लीचिंग टाकलं. नवा कठडा बांधला. नीरजने नमुना घेतला, निकाल यायचाय. शेवटच्या मुद्द्याचं चिठ्ठीत ‘जाँच अपनी जगह चलती रहेगी’ असं होऊन बसलं होतं, आणि त्या आधीच्या तीन ओळी कुणी न सांगता आल्या होत्या. पाचशे चिठ्ठ्या वाचून एआयला एवढं कळलं होतं की नव्या विहिरीच्या चिठ्ठीत ही बाई पाणी पिते.

पिपरौआची ती विहीर साधी नव्हती. दोन वर्षांपूर्वी तिच्याच पाण्याने गावात कावीळ पसरली होती आणि दोन माणसं दगावली होती. त्यानंतर गावाने त्या विहिरीकडे पाठ फिरवली. दिवसाआड येणाऱ्या टँकरवर दीडशे घरं जगत होती. त्यात हा मे महिना.

खरं सांगायचं तर तिला पहिली भीती वाटली ती स्वतःच्या नावाची. चहा तसाच टाकून ती खोलीत गेली, दार लोटलं आणि चिठ्ठी उघडून ‘पिया है’च्या जागी ‘पीने वाली हूँ’ असं करून टाकलं. एवढ्याने भागेल असं तिला मिनिटभर वाटलंही. मग तिने पाहिलं, रात्रीपासून ती चिठ्ठी दोन हजारांवर लोकांनी पुढे धाडली होती. त्या चिठ्ठ्यांत ती पाणी पिऊन बसली होती आणि तिथून तिला कुणी उठवू शकत नव्हतं.

तिने पिपरौआला रामकलीला फोन लावला. रामकली तिथली अंगणवाडी सेविका. दर रविवारी गावातल्या बायकांना गोळा करून मयुराची चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवायची. तीनदा घंटी वाजून गेली, कुणी उचलला नाही. चौथ्यांदा उचलला तेव्हा मागे बायकांचा गलका होता, घागरींचा आवाज होता.

रामकली खुशीत होती. सांगत होती की रात्री चिठ्ठी वाचली आणि पहाटे चारपासून सगळा मोहल्ला विहिरीवर आहे. तिची सून कल्याणी, आठवा महिना लागलेली, तिने दोन तांबे पाणी पिऊन घेतलं. म्हणाली, टँकरच्या पाण्याला टाकीचा वास येतो, याला काही वास नाही.

मयुराला बोलायचं होतं. ती एवढंच म्हणाली की अजून पिऊ नका, तपासणीचा निकाल येऊ दे.

“आपने पी लिया न दीदी,” रामकली हसून म्हणाली. “हमें और कौन-सी जाँच चाहिए?”

या क्षणी ‘नाही प्यायले’ म्हणायला किती वेळ लागला असता? दोन शब्द. ते तिच्या तोंडून निघाले नाहीत. तरी थांबा, असं ती पुन्हा पुटपुटली, पण तिकडे कुणीतरी रामकलीला हाक मारली आणि फोन बंद झाला. मयुरा फोन कानाला धरून तशीच उभी राहिली. आपण घाबरून गप्प बसलो, हे तिला त्याच क्षणी कळलं होतं.

समितीचं ऑफिस इलाइट चौराह्याजवळ, एका चष्म्याच्या दुकानाच्या वर. ती रिक्षाने तिथे पोचली तेव्हा नीरज नुकताच कुलूप काढत होता. नीरज तिशीतला, सात वर्षांपासून तिच्याकडे. नमुने आणणं, जीप चालवणं, गावांशी बोलणं सगळं त्याच्याकडे. शनिवारी संध्याकाळी त्याने पिपरौआचं पाणी तपासणीच्या छोट्या शीशीत भरून खिडकीतल्या फळीवर ठेवलं होतं. ही शीशी समितीचं रोजचं हत्यार. पाण्यात मैल्याचे जंतू असले की दीड-दोन दिवसांत आतलं पाणी काळं पडतं. उन्हाळ्यात झाशीला वेगळी ऊब द्यावी लागत नाही.

नीरजने पंखा लावला, खिडकी उघडली आणि तो मागे वळलाच नाही.

मयुरा त्याच्या खांद्याशेजारी जाऊन उभी राहिली. फळीवर सहा शीश्या होत्या. पाच पिवळसर, नितळ. पिपरौआचं नाव चिकटवलेली सहावी शाईसारखी काळी होती.

“दीदी,” नीरज हळू आवाजात म्हणाला, “आपने यह पानी पिया कब?”

तिने त्याला खरं सांगितलं. सांगायला हवा त्याहून जास्त वेळ लागला. तो ऐकत राहिला, मग जीपची किल्ली उचलून जिना उतरायला लागला.

कानपूर रस्त्यावर ट्रकांची रांग होती. नीरज त्यांच्यामधून वाट काढत गाडी चालवत होता. मयुरा दर दोन मिनिटांनी फोन लावत होती, रामकली उचलत नव्हती. तिला समोर काचेबाहेर रस्ता दिसत नव्हता, घागरी दिसत होत्या. दीडशे घरं, घरटी पाच माणसं. पहाटे चारपासून. आता साडेनऊ. एखाद्या घरात लहान मूल असेल, एखाद्या घरात आजारी म्हातारं. आणि कल्याणी, दोन तांबे. तिला दोन वर्षांपूर्वीची पिपरौआतली एक बाज आठवली, तिच्यावर पडलेल्या माणसाचे हळदीसारखे पिवळे डोळे आठवले, आणि तिने काचेवर कपाळ टेकलं.

चिरगावच्या अलीकडे रेल्वेचं फाटक बंद होतं. तिथे थांबल्यावर नीरज पहिल्यांदा बोलला. चार महिने तो गावोगावी लोकांना म्हणत आला होता की दीदीची हिंदी बघा किती सुधारली, मेहनत करतात. एवढंच तो म्हणाला. त्याने रागावून काही म्हटलं असतं तर तिला सोपं गेलं असतं.

विहिरीवर तीस-चाळीस बायका होत्या. नव्या कठड्यावर कुणीतरी कुंकू लावलं होतं, झेंडूचा हार घातला होता. मयुराला जीपमधून उतरताना पाहून बायकांनी वाट करून दिली. एकीने पितळी तांब्या भरून तिच्यापुढे धरला. तो घेऊन मयुरा लंगडत कठड्याशी गेली आणि तिने तांब्या खाली ठेवला.

“मैंने यह पानी नहीं पिया,” ती म्हणाली. “मैं यहाँ आई ही नहीं थी। वह बात झूठ है।”

कुणाला कळलं नाही. तिला पुन्हा सांगावं लागलं. चिठ्ठी तिने लिहिली नव्हती, फोनमधल्या यंत्राने लिहिली होती, तिने न वाचता पाठवली होती. नीरजने काळी शीशी हातात उंच धरली. ती शीशी काय असते हे दोन वर्षांपूर्वी या गावाने पाहिलं होतं. ती दिसताच मात्र सगळ्यांना सगळं कळलं. मागे उभ्या असलेल्या एका म्हातारीने डोक्यावरची घागर उतरवली आणि तिथेच आडवी केली. मग दुसरीने. आरडाओरडा झाला नाही. पाणी ओतल्याचा आवाज तेवढा होत राहिला आणि तापलेल्या मातीने ते पाणी बघता बघता गिळलं.

रामकली सगळ्यांत पुढे होती. तिने विचारलं, “तो पिया किसने?”

“किसी ने नहीं.”

“हमने पिया,” रामकली म्हणाली, आणि पदर खोचून घराकडे पळत सुटली.

दुपारपर्यंत अकरा जणांना उलट्या-जुलाब सुरू झाले. त्यात एक चार वर्षांची मुलगी होती. नीरजने जीपच्या तीन फेऱ्या करून सगळ्यांना चिरगावच्या सरकारी दवाखान्यात नेलं. मुलीला सलाईन लावलं तेव्हा तिची शीर सापडत नव्हती. मयुरा भिंतीला टेकून उभी होती. मुलीच्या आईने तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

कल्याणीला काही झालं नव्हतं. ती बाकावर बसून लिंबाचं सरबत पीत होती आणि सासूलाच धीर देत होती. डॉक्टरांनी मात्र मयुराला बाजूला घेतलं. जुलाब दोन दिवसांत थांबतील, म्हणाले. काविळीचं तसं नसतं. ती अंगात गेली तर दिसायला महिना-दीड महिना लागतो, आणि गरोदर बाईला झाली तर बाई वाचणं कठीण. आता करण्यासारखं काही नाही, फक्त लक्ष ठेवायचं. दीड महिना.

त्या संध्याकाळी मयुराने स्वतः चिठ्ठी लिहिली. एआय उघडला नाही. नऊ ओळी लिहायला तिला दीड तास लागला. काय घडलं ते लिहिलं, सकाळी गुपचूप शब्द बदलले तेही लिहिलं. लोकांनी शिव्या घातल्या, बरेच जण सोडून गेले. काहींनी कळवलं की चूक यंत्राची, तुम्ही कशाला मनाला लावून घेता. ते वाचून तिला शिव्यांपेक्षा जास्त भीती वाटली, कारण दिवसभर तिचं मनही तिला हेच सांगू पाहत होतं.

चार वर्षांची मुलगी तिसऱ्या दिवशी घरी गेली. बाकीचेही उठून कामाला लागले. मग तो दीड महिना सुरू झाला.

दर दोन दिवसांनी मयुरा पिपरौआला जायची. रामकली तिला ओसरीवर बसवायची, पाणी द्यायची, टँकरचं, आणि बोलायची नाही. मयुरा कल्याणीच्या डोळ्यांकडे बघायची. उन्हात बघायची, सावलीत बघायची. एकदा कल्याणीने जेवण नको म्हटलं तर मयुराने तिला उन्हात नेऊन पुन्हा डोळे पाहिले. पोरीला फक्त आंबट खावंसं वाटत होतं. झाशीला परत आल्यावर आरशात ती स्वतःचे डोळे खाली ओढून बघायची, जसं काही पाणी तीच प्यायली होती.

याच दिवसांत ती एका दुपारी गेल्या चार महिन्यांच्या चिठ्ठ्या घेऊन बसली. ज्या-ज्या ठिकाणी ‘मैं’ होतं तिथे थांबत गेली. एका चिठ्ठीत तिने एका म्हाताऱ्या बाईला मिठी मारली होती, प्रत्यक्षात मारली नव्हती. एका गावात मुक्काम केला होता, केला नव्हता. मार्चच्या एका चिठ्ठीत तिची आई गुरसरायला असताना डोक्यावर दोन घागरी घेऊन भर उन्हात तळ्यावरून पाणी आणत होती आणि लहानगी मयुरा तिचा पदर धरून चालत होती. ती चिठ्ठी सगळ्यांत जास्त गाजली होती. मयुराला ते दृश्य डोळ्यांपुढे दिसत होतं, पदराचा रंगसुद्धा.

ती उठून बाहेर गेली. अनंतराव पेपर वाचत होते.

“अण्णा, आई तळ्यावरून पाणी आणायची ना?”

“तळ्यावरून? परसात आड होता आपल्या. ती कशाला तळ्यावर जाईल?”

मयुरा खाली बसली. मग ते तिने एआयला सांगितलं होतं की त्याने रचलं होतं? तिला आठवेना. आईचं ते उन्हातलं चालणं खोटं आहे हे कळल्यावरही ते पुसलं जात नव्हतं. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. आता तिच्या आठवणींतलं आणखी काय-काय आपलं नाही, कुणाला विचारणार?

अनंतरावांनी पेपर बाजूला ठेवला. आडाचा रहाट कसा करकरायचा, आई पाणी शेंदताना कशी मोठमोठ्याने पाढे म्हणायची, म्हणजे लेकीचे आपोआप पाठ होतील, ते त्यांनी सावकाश सांगितलं. मयुराने वही आणली आणि ते सांगत होते तसं उतरवून घेतलं.

जूनअखेर पाऊस लागला. विहीर पुन्हा उपसली तेव्हा पश्चिमेच्या अंगाला भेग सापडली. शेणखताच्या खड्ड्यातलं पाणी तिच्यातून आत झिरपत होतं. खड्डा हलवला, भेग बुजवली. दीड महिना सरला, त्यावर आठवडा गेला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात कल्याणीला चिरगावला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण दोघी सुखरूप. नीरजचा फोन आला तेव्हा मयुरा रस्त्याच्या कडेला एका टपरीवर होती. ती तिथल्या बाकावर बसली आणि तिने नीरजला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

बाळ बघायला ती गेली तेव्हा रामकली पहिल्यांदा तिच्याशी नीट बोलली. विहिरीच्या नव्या शीश्या नितळ राहिल्या होत्या, त्या रामकलीने स्वतः घरात ठेवून दोन दिवस पाहिल्या होत्या. गाव पाणी भरायला लागलं होतं. मयुराने ओशाळत विचारलं की बायकांना रविवारची चिठ्ठी पुन्हा वाचून दाखवणार का.

रामकलीने मान हलवली. “हम नहीं पढ़ेंगे, दीदी। आप आकर पढ़ दिया करो। सबके सामने।”

आता मयुरा रविवारी पिपरौआला जाते. व्याकरणासाठी अजूनही एआयला विचारते, आणि त्याने बदललेला एकेक शब्द बोट ठेवून वाचते. बायका ओसरीवर, पायऱ्यांवर बसतात. ती कागद धरून वाचायला लागते, आणि वाचताना ‘मैंने’ आलं की समोर बसलेली रामकली बाळाला थोपटायचं थांबवून मान वर करते. मयुराचा आवाज दर वेळी अडखळतो. त्या डोळ्यांकडे बघतच ती वाक्य पुरं करते आणि पुढच्या ओळीवर जाते.